रिकाम्या डबीचा वास

बाईंच्या वर्गात दोन शब्दांना बंदी होती: ‘छान’ आणि ‘घाण’. शिवी दिली तर बाई कानाडोळा करत, कारण तीन-चार वर्षांच्या माणसाची शिवी फार लांब जात नाही. पण समोर ठेवलेल्या मुळ्याला कुणी ‘घाण’ म्हटलं, की त्या मान तिरकी करून विचारत, “कशासारखा?” मग त्या माणसाला मुळा पुन्हा हातात घ्यावा लागे, मोडावा लागे, हुंगावा लागे आणि विचार करून काहीतरी सांगावं लागे. “ओल्या मोज्यासारखा,” असं उत्तर आलं की बाईंचं समाधान होई. मुळ्याला काय वाटे, ते मुळ्याला माहीत.

‘कशासारखं?’ हा एकच प्रश्न म्हणजे बाईंचा अभ्यासक्रम, असं म्हटलं तरी चालेल. बालवाडीचा हा वर्ग तळमजल्यावर, मागच्या अंगाला, स्वयंपाकघराला लागून होता. तळणाचा धूर आणि भांड्यांचा आवाज सरळ आत येई, म्हणून बाकीच्या शिक्षिका त्या खोलीच्या नावाने नाकं मुरडत. बाईंनी ती मागून घेतली होती. मधोमध एक लांब, बुटकं टेबल. बीट किसून किसून त्याच्या लाकडाला जो रंग चढला होता, तो घालवण्याचे प्रयत्न फसल्यावर वरून पत्रा ठोकलेला. बोथट सुऱ्या, किसण्या, गाळण्या, एक तराजू. मुलांच्या छातीशी येईल इतक्या उंचीवर एक नळ, आणि नळाशी हात धुण्याची शिस्त लावायला उभा असलेला एक मुलगा, ज्याला ते काम कुणी दिलेलं नव्हतं. त्याला सगळे मुकादम म्हणत. खिडकीच्या फळीवर झाकणांना भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्या होत्या. डबी हुंगायची, उघडायची नाही, आणि आत काय आहे ते नाकाने शोधायचं, हा वर्गाचा रोजचा खेळ.

बाईंचं हे वेड जुनं होतं. वडिलांचं किराण्याचं दुकान. पोत्यांच्या मधल्या जागेत बसून त्यांनी पाढे पाठ केले. कुठलं पोतं आज उघडलंय हे त्यांना शाळेतून येताना कोपऱ्यावरच कळे. घाऊक माल घेऊन कुणी आला, की वडील मुलीला हाक मारत आणि म्हणत, जरा हुंगून सांग. परकर सावरत एक मुलगी येई, मिऱ्यांच्या गोणीत नाक घाली आणि “भिजून वाळवलेत” एवढंच म्हणून आपल्या पाढ्यांकडे परत जाई. त्या भागातल्या घाऊक व्यापाऱ्यांचं तिच्याविषयीचं मत छापण्याजोगं नव्हतं.

पुढे बालशिक्षणाचा अभ्यास झाला, नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी फळांचा तक्ता भिंतीवर लागला. वर्ग तक्त्यावर छडी ठेवताच फळांची नावं घडाघडा म्हणे. एक दिवस बाईंनी डब्यातला नासपती काढला आणि मुलांसमोर चिरला. तक्त्यात सगळ्यांत हुशार असलेला मुलगा पुढे आला, बराच वेळ बघत राहिला आणि त्याने विचारलं, “आत बिया कुणी घातल्या?”

बाईंना आपल्या पदविकेत याचं उत्तर सापडेना. तक्ता गुंडाळून कपाटावर गेला आणि वर्गात एक भोपळा आला.

तो भोपळा पुढे दंतकथेत जमा झाला. मुलांनी त्याला मिठ्या मारल्या, त्याच्यावर दारासारखी टकटक केली, कान लावून कुणी उत्तर देतंय का ते ऐकलं. थंडी वाजेल म्हणून एकीने त्याला स्वतःचा स्वेटर घातला. शेवटी तो कापला, आणि नेमक्या त्याच वेळी शाळेच्या समितीचे अध्यक्ष फेरीवर आले. कोपरांपर्यंत भोपळ्यात बुडालेल्या एका मुलीने आतले धागे मूठभर उपसून त्यांच्यापुढे धरले आणि सांगितलं की याच्या आत केस आहेत. स्वतःच्या डोक्यावर नसलेली गोष्ट भोपळ्याच्या पोटात निघावी, याचं अध्यक्षांना म्हणावं तितकं कौतुक वाटलं नाही.

समिती बसली. पोरांच्या हातात सुऱ्या काय, कच्चं काय, शिळं काय, कुणाच्या पोटात दुखलं तर कोण निस्तरणार. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, बाईंच्या बाजूने भांडल्या आणि शेवटी एका अटीवर टेबल वाचलं. त्यावर येणारा प्रत्येक पदार्थ आधी बाईंनी स्वतः हुंगून, पारखून घ्यायचा. हे त्यांना जमेनासं होईल त्या दिवशी टेबल बंद, वर्ग पुन्हा तक्त्यावर. माशाला पोहण्याची अट घालावी तशी ती अट होती. बाईंनी हसत सही केली.

आणि अट त्यांनी पाळलीही. एकदा मुलांना गोष्ट सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या, उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, शेंगदाणे खवट झालेत. स्वयंपाकघरात भाऊंचं राज्य होतं. भाऊ म्हणजे अंगाने भारदस्त, स्वभावाने सावकाश आणि दिवसभर एकच चाल गुणगुणणारे आचारी. त्यांनी सांगितलं की पोतं नवंकोरं आहे. मग एक दाणा तोंडात टाकला, गुणगुणणं थांबवलं आणि पोतं उचलून बाहेर नेलं. त्या दिवसापासून ते बाईंना पाठीमागे ‘साहेब’ म्हणू लागले, आणि समोर आल्या की काहीच म्हणेनासे झाले.

बाईंचा आणखी एक नियम होता, तो पालकांच्या पचनी पडायला वेळ लागे. या टेबलाशी कुणालाही ‘खा’ म्हणायचं नाही. धुवा, सोला, चिरा, पिळा, हुंगा, चाटून बघा, नाहीतर नका बघू. एका मुलाने वर्षभर घेवड्याच्या शेंगा मोडल्या, वर्षभर त्यांतली एकही तोंडात घातली नाही आणि सुट्टी लागायच्या दिवशी एक शेंग खिशात घालून घरी नेली. बाईंच्या हिशेबी त्याचं वर्ष सत्कारणी लागलं होतं. घरोघरी मात्र या शिक्षणाचे पडसाद उमटत. एक आई तक्रार घेऊन आली. पाहुण्यांपुढे चहा ठेवला तर लेकीने जाहीर केलं की हा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. बाईंनी शांतपणे विचारलं की तो तसा होता का. आईने जरा वेळ आठवून बघितलं आणि म्हणाली, थोडासा होता खरा.

ती लेक म्हणजे मिरी. हे नाव भाऊंनी ठेवलेलं. आकाराने लहान आणि चवीला खरी, म्हणून. बोलायची कमी, पण बोलली की ते शब्द सोडायची नाही.

त्या वर्षी सर्दी-तापाची साथ आली आणि बाईंनी अंथरूण धरलं. घरात दोघंच. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, दुकान पुढच्या खोलीतच. बायको आजारी म्हणून चुलीचा ताबा त्यांच्याकडे आला. त्यांनी दूध तापत ठेवलं आणि उघड्या पडलेल्या एका घड्याळात क्षणभर डोकावायला गेले. घड्याळजींचा क्षण इतरांच्या क्षणापेक्षा मोठा असतो. दूध करपलं. त्याच दुधाचा चहा करून त्यांनी बायकोला दिला आणि पुढच्या बोलण्याची तयारी ठेवून स्वतःचा कप तोंडाला लावला. बाईंनी चहा शांतपणे संपवला.

“अगं, दूध करपलंय,” ते म्हणाले.

“हो का?”

घड्याळजींनी कप खाली ठेवला. “लग्न झाल्यापासून माझ्या चहाला तू नावं ठेवली नाहीस, असं आज पहिल्यांदा होतंय. ऊठ, डॉक्टरकडे जाऊ.”

डॉक्टरांनी नाकात उजेड पाडून पाहिलं. वास परत येईल, म्हणाले. वेळ लागेल. कधी कधी येतही नाही. इतकं शिकून माणूस इतकं प्रामाणिक बोलू शकतो याचं घड्याळजींना कौतुक वाटलं. बाईंना नाही वाटलं.

घरी येऊन त्यांनी फडताळातला एकेक डबा उघडला. लवंग, वेलदोडा, व्हिनेगरची बाटली. नाकाशी धरावं आणि समोर नुसती हवा. शेवटी कांदा चिरला. डोळ्यांना पाणी आलं, वास आला नाही. कांदा चिरून संपला तरी पाणी थांबेना. घड्याळजींनी दारातून पाहिलं आणि ते सगळं श्रेय कांद्याला देऊन आपल्या कामाला गेले. संध्याकाळी मात्र ते म्हणाले, की मोठ्या बाईंना सांगून टाकावं. बाई म्हणाल्या, सांगितलं तर टेबल जाईल. महिन्याभरात वास येईलही, मग कशाला उगाच. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. पटलं नाही पण वाद घालायचा नाही, असं असलं की ते भिंग लावत.

अशा रीतीने, व्यापाऱ्यांना कधी न फसलेल्या बाई स्वतः फसवणुकीच्या धंद्यात उतरल्या.

मुलांच्या पोटाशी त्यांनी खेळ केला नाही, हे आधी सांगायला हवं. रोज सकाळी दूध, दाणे, फळं, जे काही टेबलावर यायचं ते घेऊन त्या भाऊंकडे जात आणि सहज सुरात म्हणत, “भाऊ, जरा बघा हो, मला शंका येतेय.” भाऊ हुंगत, चाखत, निकाल देत. पहिल्या आठवड्यात त्यांना आपली बढती झाल्यासारखं वाटलं. पुढे मात्र साहेबांना रोज रोज शंका कशी येते, याची त्यांना शंका येऊ लागली.

गडबड झाली ती वर्गात. लिंबाचा वास कसा असतो हे बाईंना पाठ होतं, आल्याचा, संत्र्याच्या सालीचाही. आठवणीवर वर्ग चालवता येईल असा त्यांचा अंदाज होता, आणि डब्या ओळखता याव्यात म्हणून त्यांना रंगीत दोरे बांधले होते. मुलांना ती सजावट वाटली. अडचण शांततेची होती. पूर्वी त्या प्रश्न विचारून हातावर हात ठेवून बसत. मूल कितीही वेळ घेवो. आता ती शांतता त्यांना भिववू लागली. न जाणो, तेवढ्यात एखादं विचारायचं, बाई, तुला कसा येतो गं? म्हणून त्या शांतता भरून काढू लागल्या. आंबट आहे, नाही का? आल्याचाच ना हा? ओळखलंत ना? मुलं हुशार होती. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की उत्तर डबीत नसतं, बाईंच्या चेहऱ्यावर असतं, आणि तिथे ते जास्त लवकर सापडतं.

दुसऱ्या एका शाळेच्या शिक्षिका वर्ग बघायला आल्या होत्या. मुलांची उत्तरं कशी एका सुरात येतात, याची त्यांनी जाताना तारीफ केली. इतका एकमुखी वर्ग आपण पाहिला नाही, म्हणाल्या. बाईंनीही पाहिला नव्हता.

मग हिरव्या दोऱ्याच्या डबीचा दिवस उजाडला. भाऊंनी आदल्या दिवशी सगळ्या डब्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. सकाळी बाईंनी त्या भरल्या. हिरवी बडीशेपेची. बरणीतली बडीशेप संपली होती, स्वयंपाकघरातून आणायची म्हणून त्यांनी डबी बाजूला ठेवली, तेवढ्यात कुणीतरी नळाशी पडलं, रडारड झाली, आणि डबी होती तशी झाकण लावून इतर डब्यांत गेली. पूर्वीच्या बाईंना हे दुसऱ्या खोलीतून कळलं असतं.

मुलं टेबलाभोवती बसली. बाईंनी हिरवी डबी मुकादमाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, बडीशेप आहे, येतोय ना गोड वास? मुकादमाने डबी नाकाशी नेली, बाईंकडे बघितलं आणि म्हणाला, बडीशेप. डबी पुढे गेली. बडीशेप. गोड. बडीशेप. एकाने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि सांगितलं की खूप बडीशेप आहे. त्याच्या शेजारचीने त्यावर ताण करत सांगितलं की तिला शिंकच येणार होती.

डबी मिरीकडे आली. तिने हुंगलं. डबी फिरवली, दुसऱ्या बाजूने हुंगलं.

“काही नाही,” ती म्हणाली.

बाईंनी सांगितलं, नीट हुंग.

“काही नाही.”

“अगं, सगळ्यांना येतोय ना?”

मुकादमाने निदान केलं की हिला सर्दी झालीय. सगळे हसले. मिरीने बाहीला नाक पुसलं आणि पुन्हा डबी धरली, या खेपेला इतकी जवळ की नाकाच्या शेंड्यावर भोकांची नक्षी उमटली. मग तिने डोळे वर करून बाईंकडे बघितलं. वर्ग थांबला होता. बाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या.

“आला,” मिरी म्हणाली आणि डबी पुढे सरकवली.

मुलं जेवायला गेल्यावर बाईंनी डब्या रिकाम्या करायला घेतल्या. हिरव्या दोऱ्याचं झाकण निघालं. आत धुतलेला, पुसलेला, कोरडा पत्रा होता. त्यात खिडकीचा एवढासा चौकोन चमकत होता.

 वास गेला तेव्हा बाईंचं स्वतःचं काहीतरी गेलं होतं. आज मात्र त्यांनी दुसऱ्याचं काढून घेतलं होतं. टेबल वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि त्या टेबलाभोवती एक अख्खा वर्ग बसून रिकाम्या डबीचा वास वर्णन करत होता. खरं बोलणारी एकच होती, तिलाही त्यांनी गोड बोलून रांगेत आणलं होतं.

तशाच त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई डबा खात होत्या. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, करपलेल्या दुधापासून. मोठ्या बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलांच्या दुधाचा. रोज कोण तपासत होतं? भाऊ, हे ऐकल्यावर घास तोंडात गेला, पण कपाळावरची आठी गेली नाही.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर टेबल बंद झालं असतं.”

“आणि आता?”

“आता मीच म्हणतेय, बंद करा.”

मोठ्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्या मायेने बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. मायेची कामं त्या चिडून करत. “नाक गेलं त्याला तुमचा इलाज नाही. मला अंधारात ठेवलंत, त्याबद्दल मी तुमच्याशी सावकाश भांडेन. पण त्या पोरीला खोटं पाडलंत ते?”

“तेच सांगायला आले.”

“मला काय सांगताय? तिला सांगा.” आणि बाई दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाल्या, की उद्या मी वर्गात बसणार. टेबल राहतं की जातं ते मग ठरवू. समितीकडे तोंड घेऊन मला जायचंय.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डब्यांचे दोरे काढून टाकले, डब्या भाऊंच्या स्वाधीन केल्या आणि सांगितलं, तुम्हाला हवं ते भरा आणि मला सांगू नका. कारणही सांगितलं.  भाऊ म्हणाले, “तरीच. साहेबांना शंका येते म्हणजे जगबुडीच यायला हवी होती.” बाईंना आपलं हे नाव तेव्हा कळलं.

मोठ्या बाई बालवाडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या खुर्चीत कुणाचीच प्रतिष्ठा टिकत नाही. गुडघे हनुवटीशी, हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. मुलांनी त्यांना पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा पाहिलं.

“काल ती हिरवी डबी होती ना,” बाई म्हणाल्या, “ती रिकामी होती. आत बडीशेप नव्हती, काहीच नव्हतं. मिरी खरं सांगत होती. मी तिचं ऐकलं नाही. चुकलं माझं.”

 ज्याला खूप बडीशेप आली होती तो टेबलाखाली काहीतरी शोधू लागला.

“मला वासच येत नाही. ताप आला तेव्हापासून नाक बंद आहे.”

ही बातमी वर्गात मुरायला थोडा वेळ लागला. मग प्रश्न सुरू झाले. दुखतं का? नाही. फुलाचा येतो? नाही. कुणी पादलं तर त्याचा? त्याचाही नाही. वर्गाने यावर आदरपूर्वक विचार केला. त्यांच्या दृष्टीने ही काही अगदीच वाईट अवस्था नव्हती. मुकादमाने सांगितलं की त्याच्या आजोबांचे दात पेल्यात असतात, आणि बाईंचं नाक निदान जागेवर तरी आहे. एकाने खिशातला रुमाल काढून दिला. त्या रुमालाची एकंदर परिस्थिती बघता बाईंचं नाक बंद होतं ते बरंच होतं.

 मिरीचं काम अजून संपलं नव्हतं.

“मग काल तुला कळलंच नव्हतं?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग मला विचारायचं ना.”

मोठ्या बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाई “हो” म्हणाल्या आणि त्यांनी पहिली डबी उचलून मिरीसमोर ठेवली.

त्या डबीत कुटलेलं जायफळ होतं, हे वाचकाला सांगायला हरकत नाही. खोलीत मात्र ते एकालाही माहीत नव्हतं. मिरीने हुंगलं आणि डबी पुढे दिली. तिला घाई नव्हती. पुढच्या मुलाने हुंगलं आणि सवयीने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याने दुसऱ्यांदा पाहिलं, तरी नाही. उत्तर मिळण्याची सगळी नेहमीची ठिकाणं धुंडाळून झाल्यावर त्याने नाइलाजाने डबीला नाक लावलं.

“पेन्सिलीसारखा.”

“कसली पेन्सिल?” बाईंनी विचारलं. हा त्यांचा नेहमीचाच प्रश्न होता, पण आवाज वेगळा होता. अनोळखी गावात रस्ता विचारावा तसा. “नवी? शिसाची की रंगीत?”

“तासलेली. सालं असतात ना, तशी.”

दुसऱ्याने सांगितलं की पेन्सिल अजिबात नाही, औषध आहे. झाकण उघडं राहिलेलं औषध. झालं. बघता बघता वर्गात पेन्सिल पक्ष आणि औषध पक्ष पडले. डबी या टोकाकडून त्या टोकाला जाऊ लागली, पुरावे मागितले जाऊ लागले. एकाने खरोखरची पेन्सिल आणून तासली आणि दोन्ही आळीपाळीने हुंगून दाखवल्या. औषध पक्षाने तो पुरावा ग्राह्य धरला नाही. ज्याला काल खूप बडीशेप आली होती, तो आज चारदा हुंगून प्रामाणिकपणे म्हणाला, की मला अजून नक्की नाही कळत. इतकं अवघड वाक्य त्या टेबलावर कित्येक आठवड्यांत कुणी उच्चारलं नव्हतं.

मग डबी मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी हुंगलं आणि म्हणाल्या, “छान आहे.”

“तो शब्द चालत नाही,” मुकादम म्हणाला.

मोठ्या बाईंनी बाईंकडे पाहिलं. तिकडून मदत येण्याची चिन्हं नव्हती. त्यांनी पुन्हा हुंगलं. नव्या चपलांच्या खोक्यासारखा, त्या म्हणाल्या, मग लगेच नाही म्हणाल्या, मग थांबा जरा, असं म्हणून तिसऱ्यांदा डबी नाकाशी नेली. शेवटी दोघा मुलांनी मिळून ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

आता मिरीची पाळी पुन्हा आली. तिने डबी घेतली, उठून टेबलाला वळसा घातला आणि बाईंजवळ येऊन ती त्यांच्या नाकाशी धरली.

“डोळे मीट,” ती म्हणाली. बाईंनी मिटले. “आता मी सांगते. आधी पेन्सिल येते. मग थांबायचं. लगेच नाही काढायची डबी. मग मागून बिस्कीट येतं. गरम. मग जीभ जरा जाड होते.”

दोन्ही पक्षांनी या तिसऱ्या मताचा निषेध केला. बाई डोळे मिटून बसून राहिल्या. वास आला असता तर गोष्टीला बरं दिसलं असतं, पण आला नाही. नाकासमोर नुसती हवाच होती. फक्त त्या हवेत आता कुठे काय आहे ते त्यांना कुणीतरी दाखवत होतं. आधी एक येतं, थांबलं तर मागून दुसरं येतं. दुकानातल्या पोत्यांमध्ये वाढलेल्या या बाईने जन्मभर कुठल्या वासासाठी थांबून पाहिलं नव्हतं. वास आला की पाठोपाठ नाव येई, आणि नाव आलं की काम संपे. त्यांनी सावकाश विचारलं, “बिस्कीट येतं तेव्हा पेन्सिल जाते, की असतेच?”

मिरीने डबी स्वतःकडे घेतली. हा प्रश्न तिच्या लायकीचा होता. तिने पुन्हा हुंगायला सुरुवात केली आणि बाकीची मुलं, पक्षभेद विसरून, तिच्याभोवती गोळा झाली.

शाळा सुटायची घंटा झाली तेव्हा तीन डब्या अजून तशाच होत्या. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. गुडघ्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाईंजवळ येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, की उद्यापासून माल भाऊ तपासतील आणि त्यांच्यानंतर मी तपासीन. अट बदलायचं समितीला मी सांगते, आरडाओरडा होईल, तो माझा मी बघेन. भांडण मात्र आपलं बाकी आहे. बाईंना काहीतरी म्हणायचं होतं. मोठ्या बाईंनी तेवढी सवड दिली नाही.

फाटकाशी आईबाप ताटकळत होते. मुलं बाहेर आली ती भांडत. एका बापाने मुकादमाला विचारलं, आज काय शिकलात? त्याने बापाकडे दयेने पाहिलं आणि सांगितलं, “अजून ठरलं नाहीये.”

वर्ग रिकामा झाल्यावर बाई डब्या घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. भाऊ सकाळपासून गुपित पोटात घेऊन बसले होते आणि त्यांच्या स्वभावाला ते पचलं नव्हतं. बाई दिसताच ते हात पुसत पुढे आले, पहिल्या डबीकडे बोट दाखवलं आणि तोंड उघडलं.

“सांगू नका हं, भाऊ,” बाई घाईने म्हणाल्या. “आमचं उद्या पुढे चालू व्हायचंय.”